भजं आहे, भाजी नाही

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गोलाकार १८ प्रकारची धान्यं, मधे खड्डा, खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजं. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठं सरकला ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. पाऊस कसा, पिकं कशी, राजाची गादी शाबूत की डळमळीत. या एवढ्या मांडणीत वांगं नाही, टोमॅटो नाही, मेथी नाही. अंबाडी असते, पण बियांची. थोडक्यात, भजं आहे, भाजी नाही.

दिल्लीलाही घट मांडतात. तिथल्या मांडणीला हमीभाव म्हणतात. ऊस वेगळा धरला तर त्यात २२ पिकं. भाजी तिथंही नाही. केरळनं १ नोव्हेंबर २०२०पासून १६ भाज्या-फळांना आधारभाव देऊन दाखवला. आपण अजून भजं कुठं कलंडलं ते बघतोय. घटमांडणीला शास्त्राचा आधार नाही, हे अगदी मान्य. वांग्याच्या भावाला तरी कुठला आहे?

मोताळ्याकडं माझा एक मावसभाऊ वांगी करतो. परवा त्यानं खिशातून पट्टी काढून दाखवली. दहा कॅरेट, दोनशे किलो, हर्रासात भाव निघाला चार रुपये. झाले आठशे. गाडीभाडं तीनशे, हमाली-तोलाई साठ, तोडणीच्या दोन बायांची मजुरी पाचशे. बियाणं, औषध, ठिबक आणि त्याची स्वतःची पाठ हिशेबात धरायच्या आधीच साठ रुपये उलटे. मी शहाणपणा केला, म्हटलं, तोडूच नकोस ना. तर म्हणाला, "भाऊ, तोडले तं साठ जाते, नाही तोडले तं झाड बसते. मग पुढच्या तोड्याले भाव आला तं काय इकू, पानं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा मीच पाजला.

तरी त्याचं बरं म्हणायचं. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला होता. तोही पुढच्या तारखेचा.

सरकार भाजीकडं बघतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. भाव चढला की डोळे टक्क उघडतात. त्याच वर्षी जुलैत टोमॅटो दोनशेच्या घरात गेला, तर ऑगस्टमध्ये थेट नेपाळहून टोमॅटो आणला. सप्टेंबरात भाव आपटला आणि कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतली गेली, तेव्हा नेपाळला कुणी फोन लावला नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४मध्ये हिशेब मांडला : गिऱ्हाईक टोमॅटोला रुपया देतं, त्यातले ३३ पैसे शेतकऱ्याला पोचतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. बाकीचे पैसे वाटेत उतरतात. टोमॅटो नाशवंत, हे खरंच आहे. रुपया त्याहून नाशवंत.

गंमत आमच्याच जिल्ह्यात आहे. देऊळगाव राजाकडं शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन चालतं. तिथं रोप लावायच्या आधीच कंपनी बियाण्याचा दर ठरवते. चाचणीत लॉट नापास झाला तर हात रिकामे, ती रड वेगळी; पण दर तरी ठरलेला असतो. म्हणजे टोमॅटोच्या पोटातल्या बीला भाव आधीच ठरतो आणि अख्ख्या टोमॅटोला तो हर्रासात, दोन मिनिटांत. अशीच पुडीत जाऊन बसलेली वांग्याची बी मावसभाऊ दुकानातून छापील किमतीला घेतो. पुडीवर किंमत छापता येते, वांग्यावर येत नाही.

निघताना त्यानं पिशवीभर वांगी दिली. पैसे घेईना. म्हटलं, निदान चार रुपयांनी तरी घे, तर हसला. म्हणाला, यंदा भेंडवळला जाणार आहे. मी आठवण करून दिली की तिथं भाजीचं काही सांगत नाहीत.

"ठावं हाय," तो म्हणाला. "सरकीचं काय म्हणते, ते आयकून येतो."