पिळाचं गाव

जर्मनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिस्त उभी राहते. तिथं गाडी वेळेवर सुटते, कचरा रंगाप्रमाणे वेगळा होतो आणि नकाशासुद्धा कुणीतरी पट्टी लावूनच आखला असणार, अशी आपली भाबडी खात्री असते. ही खात्री ज्याला मोडून घ्यायची असेल त्यानं बर्लिन-म्युनिकच्या नादी न लागता ब्यूसिंगेन नावाचं खेडं गाठावं. जर्मनीच्या कॉन्स्टन्स जिल्ह्यातल्या या गावाला त्याच जिल्ह्यातल्या गॉटमाडिंगेनहून निघालं, तर आधी जर्मनी सोडावी लागते, मग डॉर्फलिंगेन हे स्विस गाव ओलांडावं लागतं आणि त्यानंतर पुन्हा जर्मनी लागते. गावाचं क्षेत्रफळ ७.६२ चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास. टेकडीवर सेंट मायकलचं जुनं चर्च, पायथ्याशी ऱ्हाईन नदी आणि चारी बाजूंना स्वित्झर्लंड. उरलेली जर्मनी जवळात जवळ सातशे मीटरवर आहे. पण ते सातशे मीटर परक्याचे. देशांच्या सीमा रागाच्या भरात आखल्या जातात आणि नंतर पिढ्यान् पिढ्या हिशेबानं निभवाव्या लागतात, याचा इतका चोख पुरावा युरोपात क्वचितच सापडेल.

यावर भूगोलाचा अभिमानी माणूस म्हणेल की राग वगैरे काही नाही, नदी आडवी आली असेल. नदी आहे, पण ती दक्षिणेला आहे आणि तिच्या पलीकडेही स्वित्झर्लंडच आहे. उरलेल्या तिन्ही दिशांना शाफहाउझेन या स्विस कॅंटनचा वेढा. मध्ये ना डोंगराची भिंत, ना दरी. एका उपाहारगृहाच्या अंगणात तर सीमारेषा चक्क रंगानं ओढलेली आहे. खुर्ची जरा मागं सरकवली की माणूस परदेशात आणि बिअरचा पेला मायदेशात. तेव्हा भूगोल निर्दोष सुटतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात इतिहास येतो.

आणि इतिहास म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. सतराव्या शतकात गावावर ऑस्ट्रियाचं अधिपत्य होतं आणि जहागीर एबरहार्ड इम थुर्न याच्याकडे होती. शेजारचं शाफहाउझेन कट्टर प्रोटेस्टंट, आणि हा गृहस्थ कॅथलिकांकडे झुकल्याचा संशय. १६९३ साली त्याच्या नातलगांनीच त्याला पळवून शाफहाउझेनच्या हवाली केलं. तिथं त्याला जन्मठेप झाली. आपल्या माणसाला परस्पर कोंडलं म्हणून ऑस्ट्रिया खवळला, आणि त्याच्या दडपणाखाली १६९९ साली एबरहार्डसाहेब सुटले. माणूस सुटला, राग सुटला नाही. १७२३ मध्ये ऑस्ट्रियानं आसपासच्या खेड्यांवरचे हक्क शाफहाउझेनला विकले, ब्यूसिंगेन तेवढं वगळलं. शाफहाउझेनच्या डोळ्यांत हे कुसळ कायमचं राहावं हाच हेतू होता, असं सांगतात. पुढे १८०५ मध्ये ऑस्ट्रियाच्या हातून गाव गेलं, ते वुर्टेम्बर्गकडे. १८१० मध्ये बाडेनकडे. १८७१ मध्ये बाडेनसकट जर्मन साम्राज्यात. ज्यानं खुन्नस धरली तो इथून केव्हाच गेला होता, ज्याच्यावर धरली ते जुनं नगरराज्यही उरलं नव्हतं. सुंभ जळला, पीळ मात्र नकाशावर तसाच.

व्यवहारी वाचक म्हणेल, मग देऊन टाकायचं गाव स्वित्झर्लंडला, घोडं अडलंय कुठं? गावकऱ्यांचंही हेच म्हणणं होतं. पहिल्या महायुद्धानंतर मतदान झालं, तेव्हा ९६ टक्के लोकांनी स्वित्झर्लंडला कौल दिला. पण देशादेशांत फुकट काही मिळत नाही. बदल्यात द्यायला स्वित्झर्लंडकडे साजेसा तुकडा निघाला नाही आणि ९६ टक्क्यांचा कौल फायलीत निजला. गंमत म्हणजे फेरेनाहोफ नावाची असलीच एक चिमुकली वस्ती, मोजून तीन घरांची, १९६७ मध्ये स्वित्झर्लंडकडे गेलीसुद्धा. तीन घरांचा राग विसरता येतो, गावाचा नाही.

आता तिसरा आक्षेप: आजच्या युरोपात सीमा उरल्यात कुठं? उरल्यात, आणि त्यांना सांभाळायला कागद लागतो. दुसऱ्या महायुद्धात रजेवर घरी निघालेल्या जर्मन सैनिकाला गॉटमाडिंगेनच्या चौकीत हत्यार ठेवावं लागे; मग स्विस अधिकारी त्याला अंगावर घालायला एक लांब कोट उसना देई, म्हणजे तटस्थ डॉर्फलिंगेनमधून जाताना जर्मन गणवेश दिसायला नको! कोटाखाली महायुद्ध झाकणारी ही माणसं पुढे तह करायला बसली, तेव्हा त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. १९६४ साली सह्या होऊन १९६७ मध्ये लागू झालेल्या करारानं गाव स्विस जकातीखाली आलं. स्विस पोलीस गावात एका वेळी दहापेक्षा जास्त नकोत, जर्मन पोलीस शंभर रहिवाशांमागे तीनपर्यंत चालतील, हेही ठरलं. गावाला जर्मन पिनकोड ७८२६६ आणि स्विस पिनकोड ८२३८. मोटारींना ‘ब्यूस’ अशी खास पाटी, कारण जकात नाक्यावर त्या स्विस समजल्या जातात. फुटबॉल संघ जर्मन, पण खेळतो स्विस साखळीत. १९८० मध्ये जर्मनीनं उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं केली, स्वित्झर्लंडनं केली नाहीत. ब्यूसिंगेननं स्वित्झर्लंडचं घड्याळ धरलं. त्या एका उन्हाळ्यापायी जगभरचे संगणक ज्या कालक्षेत्र-यादीवर चालतात, तिच्यात बर्लिनशेजारी या खेड्याची स्वतंत्र नोंद आहे.

शेवटी कुणी म्हणेल, दोन देशांचे जावई, मजा असेल! हुंडा तपासावा. गाव जर्मनीत, म्हणून प्राप्तिकर जर्मनीचा. बाजार स्विस फ्रँकचा, म्हणून महागाई स्वित्झर्लंडची. तरीही गाव चालतं, आणि यात जर्मन शिस्तीची खरी थोरवी आहे. सरळ आखलेला नकाशा कुणीही सांभाळेल. एका अपहरणातून उरलेला वेडावाकडा तुकडा न भांडता सांभाळायचा, तर दहा पोलिसांपर्यंतचा हिशेब लिहून ठेवावा लागतो. तेव्हा जाणाऱ्यानं खिशात फ्रँक ठेवावेत. आणि बांधावरून भावाशी कोर्टात उभं राहिलेल्यांनी तर जरूर जावं: जो तंटा नातलगांनी एका दिवसात उभा केला, तो निस्तरायला सरकारांना पावणेतीनशे वर्षं लागली, आणि तेही जेमतेम.