पापणी दिसली पाहिजे

सकाळी तळजाईवर फिरायला येणाऱ्या प्रत्येक कंपूत एक नाना असतो. गळ्यात कॅमेरा, तोंड आपल्याकडे आणि चालणं उलटं. फोटोसाठी थांबणं त्याला कमीपणाचं वाटतं. "उभं केलं की माणसाचा खांब होतो. चालत राहा!" असं बजावत तो स्वतःच खांबावर आपटतो.

आमच्या नानांची कसोटी एकच: पापणी. फोटो पडद्यावर मोठा करत करत ते तुमच्या डोळ्यापाशी पोचतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पापणीचे केस सुटे दिसले तरच "आहे" म्हणतात. नाही तर "गेला." हे 'गेला' ते अशा काही आवाजात म्हणतात, की मागून येणाऱ्या एक अनोळखी बाई "कोण हो?" म्हणून थांबल्या होत्या.

त्यांना तंत्र चोख येतं, हाच खरा त्रास. पन्नासच्या लेन्सला शटर एक पन्नासांश सेकंद, हा जुना हिशेब उभ्या माणसाचा. "आपण चालतोय, समोरचाही चालतोय. अडीचशेच्या खाली उतरायचं नाही, पाचशे मिळालं तर सोनं!" उजेड कमी पडला तर आयएसओ चढवा, दाणे आले तर येऊ देत, हललेलं खपणार नाही. ॲपर्चर आठवर, फोकस आधीच दहा फुटांवर बांधलेला, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि टाच टेकते त्या क्षणी बोट आवरायचं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन? "ते आपला हात सावरतं, समोरच्याचे पाय नाही." हे सगळं ऐन चढावर, मला धाप लागलेली असताना.

एकदा मी कार्तिए-ब्रेसाँचा हुकमी एक्का टाकला. १९३२ साल, पॅरिसमधल्या स्टेशनामागचं डबकं, त्यावरून झेपावणारा माणूस. फोटो जगभर गाजलेला आणि माणूस चक्क हललेला. नानांनी तो माझ्या फोनवर मोठा केला. चष्मा वर.

"गेला."

दिवे घाटात माउलींच्या पालखीला बाकीचे फोटोवाले कडेच्या उंचवट्यांवर ठाण मांडून बसतात. नाना दिंडीच्या पुढे, उलटे. शेवटी डोईवर तुळस घेतलेल्या एका आजीनं त्यांना खांद्याला धरून फिरवलं. "लेकरा, पांडुरंग तिकडं हाय." त्यांनी आधी आजीची पापणी तपासली.

आता नाइलाजानं सांगतो. आमचा कंपू हल्ली रोडावलाय. कुणाच्या घरी तसा प्रसंग आला की भिंतीवर लावायला फोटो शोधतात, आणि सापडतो तो आधार कार्डावरचा, नाही तर कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा कान कापलेला. मग नानांना फोन जातो. त्या दिवशी ते शटरबद्दल चकार शब्द काढत नाहीत, गुपचूप फोटो पाठवतात. त्यामुळे आमच्याकडे हार घातलेली मंडळी चालताना दिसतात. एकाची मफलर उडालेली, दुसरा हात वर करून भांडतोय. घरात कायम कपाळाला आठ्या घालून वावरलेल्या एका गृहस्थांचा फोटो पाहून सुनेनं विचारलं, "बाबा एवढे कुठे हसायचे?"

तळजाईवर हसायचे. पापण्यांसकट.

परवा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नाना, माझा आहे का हो एखादा?" त्यांनी बराच वेळ पडदा पुढेमागे सरकवला.

"अजून मनासारखा नाही आला. तुम्ही फार हलता."

मी तेव्हापासून जरा जास्तच हलत चालतो.