कोपऱ्यावरची पद्मिनी

"अक्का, कोपऱ्यावरच्या अण्णांनी गाडी घेतली म्हणे?"

"घेतली कसली, ओढून आणली! टेम्पोला दोर बांधून. कुंभकोणम रस्त्यावर कुणाच्या गोठ्यात उभी होती गं, आत कोंबड्या अंडी घालायच्या. अण्णांच्या बायकोनं नाक दाबलं, ते अजून सोडलेलं नाही."

"कुठली गाडी?"

"प्रीमियर पद्मिनी. तुझं माहेर सोलापूर ना? मग तुझ्याच गावाकडची म्हण. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं या गाड्या झाल्या."

"आमच्या मामांच्या लग्नात वरात पद्मिनीतूनच निघाली होती. आता मुंबईत टॅक्सी म्हणूनही दिसत नाही. 30 ऑक्टोबर 2023 पासून बंद झाली."

"तेच तर अण्णांचा मुलगा बंगळूरहून फोनवर सांगत होता. 'मुंबईनं सोडली ती तुम्ही तिरुवैयारूत कशाला धरून बसलाय?' अण्णा म्हणाले, 'आपलं घराणं तंजावरात साडेतीनशे वर्षं टिकलं, गाडी अजून वीस वर्षं टिकेल.'"

"सांगून कोण ऐकतंय! पण महिना झाला, एकदाही चकाकलेली दिसली नाही. मला वाटलं होतं, आल्याआल्या शॅम्पू, पॉलिश, आणि दारात रांगोळी."

"तिथंच चुकतेस. पहिल्या दिवशी त्यांनी चारही चाकं काढली. गाडी स्टँडवर चढवली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, असं शेजारच्या पोराला तीनदा बजावलं. आणि हात घातला तो ब्रेकला."

"इंजिन सोडून?"

"हो. म्हणाले, 'धावायला लागण्याआधी थांबता आलं पाहिजे.' ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की चाकांतल्या सिलिंडरांना आतून गंज चढतो, पिस्टन अडकतात. रबरं, नळ्या सगळं नवं घातलं. सामान मद्रासच्या पुदुपेट्टैतून आलं. गाडीतला कुठला भाग तिथं मिळत नाही ते सांग!"

"आणि इंजिन?"

"किल्लीला हात लावू दिला नाही कुणाला. प्लग काढले, चारी सिलिंडरांत थोडं थोडं ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुढच्या पुलीला पाना लावून हातानंच हळूहळू फिरवलं. रिंगा चिकटलेल्या असताना स्टार्टर मारला, तर सिलिंडर ओरखडून निघतो. पेट्रोलच्या टाकीतून काय निघालं, विचारू नकोस. काळी चिकट राळ! कार्ब्युरेटरची जेटं बुजलेली. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा."

"म्हणून परवा दुपारी तो धूर! मी म्हटलं कुणाची होळी लवकर पेटली."

"सिलिंडरात घातलेलं ऑइल जळलं, दुसरं काय. पण चालू झाली हं. पलीकडची संगीत कॉलेजची मुलगी वरून ओरडली, 'मामा, माझी श्रुती गेली!' तेव्हापासून ग्राइंडर तिच्या रियाजाच्या वेळी बंद असतो. तिनं ठरवून दिलंय."

"ग्राइंडर कशाला? रंग काढताहेत?"

"गंज! कावेरीकाठची हवा, त्यात ऐप्पसी-कार्तिगै महिन्यांतला पाऊस. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, माहितीये? काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी त्यातून बाहेर पडायचं. मातीनं ती बुजली की पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग ठणठणीत, बोट दाबलं की आरपार! गालिचा उचलला तर खालचा पत्राही गेलेला."

"मग लांबी भरायची."

"टिंकर तेच म्हणाला. अण्णांनी खिशातून लोहचुंबक काढून दारावर धरलं. चिकटेना! आधीच्या मालकानं जाड लांबी भरून वर रंग मारला होता. अण्णा म्हणाले, 'ही लबाडी एकदा झाली, पुन्हा नको.' सडलेला पत्रा कापला, नवा वेल्ड केला, प्रायमर मारला. आता थांबलेत."

"कशासाठी?"

"त्यागराज आराधना होऊ दे म्हणतात. पुष्य बहुळ पंचमीपर्यंत गावात गर्दी, धूळ, आणि हवाही दमट. दमट हवेत स्प्रे मारला की रंग पांढुरका पडतो. त्यानंतर कोरडे दिवस मिळतात. दारं नव्यानं रंगवायची, पण टप आणि बॉनेटचा जुना रंग ठेवायचा."

"तो तर पार मेलाय हो."

"वरचा थर मेलाय. धुऊन, क्ले फिरवून एका कोपऱ्यात कंपाउंड घासून पाहिलं. खालून काय सुंदर निळा निघाला! तळहातभर जागेत आधी करून बघायचं, सगळीकडे नाही. कडांवर तर जपूनच, तिथं रंग पातळ असतो, घासला की पत्रा दिसतो. एक डाग मात्र जात नाही."

"कसला?"

"आयुधपूजेचा. वर्षानुवर्षं बॉनेटवर एकाच जागी चंदन-कुंकू. अण्णांची बायको म्हणाली, तो राहू द्या, गाडीतली तेवढीच गोष्ट मला आवडली."

"बंपरवरचा गंज गेलेला दिसतो."

"माझ्या स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गेली त्यात! पाण्यात भिजवून क्रोमवर घासली, वरवरचा गंज निघाला. खोल खड्डे मात्र तसेच राहतात. मी म्हटलं, फॉइलच्या बदल्यात अशोका हलवा आणा. आणला."

"आतल्या कोंबड्यांच्या वासाचं काय?"

"सीटचा फोम उंदरांनी पोखरलेला, तो टाकूनच दिला. वायरीही कुरतडलेल्या, त्या बदलेपर्यंत बॅटरी जोडलेली नाही, फक्त इंजिन चालवायला तात्पुरती तार टाकली होती. टायरवर नक्षी पूर्ण होती, पण बाजूचा आकडा 3114. म्हणजे 2014 चा एकतिसावा आठवडा. टायर बसून म्हातारे झालेले, तेही गेले."

"एवढा खर्च! कागद तरी नीट आहेत?"

"ते सगळ्यात आधी पाहिलं. आरसी, इंजिन नंबर, चासी नंबर जुळवले, मगच पैसे मोजले. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. ती मिळाली नाही तर एवढी सजवलेली गाडी कोंबड्यांनाच परत द्यायची."

"मग आमच्या ह्यांनाही एक बघून द्या की! तंजावरला एक मारुती 800 आहे म्हणे, रंग अगदी नवा."

"रंग नवा असेल तर जास्तच घाबर. बघायला जाशील तेव्हा चुंबक ने, गालिचा उचल, दाराखालची भोकं बघ, टायरवरचा आकडा वाच आणि आरसी हातात घे. एवढं ठीक असेल तर सौदा कर. चकाकी काय, ती घरी फडकं मारून आणता येते."