तात्यांच्या चार कोंबड्या

"तात्या, कोंबड्या किती झाल्या?" असं कुणीही, कधीही विचारावं, उत्तर ठरलेलं असतं. "चार." विचारणारा त्या क्षणी पुढचं पाऊल कुठे टाकू म्हणून एका पायावर उभा असतो आणि दुसऱ्या पायाचा अंगठा दाणा समजून कुणीतरी टोचत असतं. तात्या शांत. चार म्हणजे चार.

माणूस हिशेबाला कच्चा असता तर गोष्ट वेगळी. तात्या बँकेत 31 वर्षं कॅशियर होते. पन्नास पैशांचा फरक लागेना म्हणून त्यांनी एकदा अख्खी शाखा रात्री साडेआठपर्यंत बसवून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात घर बांधलं, मागे दीड-दोन गुंठे परसू राहिलं, आणि सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना गावठी अंडी मिळावीत एवढ्याच माफक हेतूने त्यांनी काकूंपुढे ठराव मांडला. काकूंनी मंजूर केला, पण आकडा घालून. चार. वर एक नाही.

तात्यांना एकच खोड आहे. काही वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. टूथपेस्टची नळी ते लाटण्याने लाटतात. आणि बाजारात कुठलीच गोष्ट चार कोंबड्यांच्या मापाने मिळत नाही, हे काकूंनी मंजुरी देताना लक्षात घ्यायला हवं होतं.

सुरुवात खुराड्यापासून झाली. प्लायवूडचा तक्ता येतो आठ बाय चारचा. चौघींचं खुराडं बेतल्यावर बराच तुकडा उरत होता. "उरलेलं पावसात फुगणार तात्या, त्यापेक्षा पुरता लावून टाकू का?" सुताराने विचारलं. खुराडं आठजणींचं झालं. मग अर्धं खुराडं रिकामं, म्हणजे जागा वाया. पुढच्या आठवडी बाजारातून आणखी चार आल्या. "जागा होतीच," तात्या म्हणाले, जणू वाठारच्या थांब्यावर एसटीत चार प्रवासी चढले असावेत.

मग खाद्य. पोतं पन्नास किलोचं. एक कोंबडी दिवसाला खाते शंभर-सव्वाशे ग्रॅम. म्हणजे आठजणींना ते दोनेक महिने जाणार आणि तोवर पावसाळी हवेत बुरशी धरणार. तात्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि खाणारी तोंडं कमी पडतायत असं सिद्ध केलं. पाच गिरिराज आल्या. चांगल्या धिप्पाड, चालल्या की अंगणात सासूबाई फिरतायत असं वाटावं.

खरा घोटाळा केला तो एका खुडूक कोंबडीने. ती पिसं फुलवून खोक्यात बसली ती उठेचना. हात नेला की "कुर्रर्र". काकू म्हणाल्या, "गार पाण्यात बुचकळा, उठेल." तात्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. एवढी ऊब फुकट घालवायची? त्यांनी डालग्यात पेंढा घालून अकरा अंडी तिच्याखाली सरकवली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

सातव्या रात्री मी तिथे होतो. तात्यांनी घरातले दिवे घालवले, पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाईलच्या उजेडावर ठेवलं आणि त्या भोकावर एकेक अंडं धरलं. आत कोळ्यासारखा एक ठिपका, त्यातून फुटलेल्या लाल शिरा. एक डोळा मिटून, ओठ घट्ट दाबून तात्या अंडं फिरवत होते. पाचशेच्या नोटेतले गांधीजी ते असेच उजेडाला धरून तपासायचे. "खरी आहे," असं म्हणून त्यांनी ते अंडं हळूच उजवीकडे ठेवलं. दोन खोटी निघाली. नऊ पिल्लं झाली.

पिल्लं आली म्हणजे मानमोडीची लस आली. पहिल्याच आठवड्यात डोळ्यात एक थेंब. लस बर्फातून आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची, आणि कुपी शंभर पिल्लांची. नऊ थेंब टाकून तात्या बाकीच्या कुपीकडे जे बघत राहिले, तसं त्यांनी शाखा सोडतानाही तिजोरीकडे बघितलं नव्हतं. एक्क्याण्णव थेंब! पुढच्या डोसाच्या वेळी ते तयारीत होते. वीस पिल्लं आणून ठेवली होती. "अजून एकाहत्तर वाया जातायत," असं ते माझ्यासमोर म्हणाले तेव्हा काकूंनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या. म्हणून ते तेवढ्यावर थांबलं.

कडकनाथ मात्र गुपचूप आले. "झाबुआचा पक्षी आहे. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय," तात्यांनी मला ऐकवलं. "धोनीने 2020 साली दोन हजार पिल्लं मागवली. मी चार आणली तर हिला जड झाली."

कोंबडीची पिल्लं मोठी होतात तसतसे त्यातल्या निम्म्यांना तुरे येऊ लागतात. पहाटे चारला एक सुरू करतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, तिसरा अध्यक्षीय समारोप करतो. झाकलं कोंबडं आरवायचं राहत नाही हे तात्यांना म्हणीतून माहीत होतं. पोत्यांनी झाकून त्यांनी खात्री करून घेतली. कोंबडे कापावेत तर तेही नाही. तात्यांना रविवारी रस्सा लागतो, पण त्यासाठी ते पिशवी घेऊन चौकातल्या दुकानात जातात आणि ब्रॉयलर आणतात. "घरच्याला कसं कापणार? त्याला आपण ओळखतो." गटारीला गिऱ्हाइकं दारात येतात तेव्हा कोंबडे न्हाणीघरात कोंडलेले असतात आणि तात्या दारात उभं राहून मोठ्याने खोकत असतात.

एवढं सगळं होऊन चार कसे, हे मी एकदा विचारलंच. तात्यांनी मला खुर्ची दिली. पिल्लं ही अज्ञान खाती, ती धरत नाहीत. कोंबडे अंडी देत नाहीत, मग ते कोंबड्या कसे? खुडूक आहेत त्या रजेवर. म्हाताऱ्या झाल्या त्या बुडीत खात्यात. कडकनाथ नमुन्यादाखल. "राहिल्या अंडी देणाऱ्या. आज अंडी किती मिळाली?"

"चार," काकू आतून म्हणाल्या.

"झालं तर!"

परवा दिवेलागणीला गेलो तर तात्या खुराड्यापाशी वाकून उभे होते. अंगठा जिभेला लावत, पुटपुटत मोजणी चालली होती. "बेचाळीस... त्रेचाळीस..." ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग कपाळावर हात मारला. "एक कमी आहे."

"चारांतली?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

मुंगसाने नेली असेल म्हणून ते कुंपणाकडे धावले, मी आंब्याखाली, काकू बॅटरी घेऊन पडवीमागे. शेवटी जुन्या कौलांच्या थप्पीमागून "कुर्रर्र" आलं. गुपचूप अंडी साठवून बाईसाहेब रवणीला बसल्या होत्या. तात्या गुडघ्यांवर बसले. रोकड जुळल्यावर यायचा तो जुना उजेड त्यांच्या तोंडावर आला.

"किती आहेत तिच्याखाली?" काकूंनी विचारलं.

"चार," तात्या म्हणाले.

काकूंनी त्यांना बाजूला सारलं, कोंबडी एका हाताने अलगद उचलली आणि बॅटरीच्या उजेडात ओठ हलवत मोजली. "तेरा," एवढंच म्हणाल्या, कोंबडी परत ठेवली आणि वाऱ्याच्या बाजूला पोतं लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. तीन आठवड्यांनंतरच्या तारखेभोवती गोल होता. पण लाल पेन्सिलीचा नव्हता. कुंकवाचा होता.