विसावा नाही

भास्कराचार्यांनंतर गणित जिवंत ठेवलं ते आमच्या कारखानदारांनी. खोटं वाटत असेल तर भोसरीच्या एमआयडीसीत माझे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे अर्धा तास बसा. त्यांना शेठ म्हणा. साहेब म्हटलं की त्यांना लेबर ऑफिसर आठवतो.

शेठकडे चाळीस माणसं घाम गाळतात. मस्टरवर एकोणीस. विसावा आला की प्रॉव्हिडंट फंड आला, म्हणून त्या शेडमध्ये कुणाला विसावा नाही. शेजारच्या गाळ्यात वहिनींच्या नावावर वेगळी कंपनी, तिथे नऊजण. दहावा घेतला तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती नेमावी लागते. उरलेले बारा ठेकेदाराचे. ‘पण कायदा ठेकेदाराची माणसंही मोजतो,’ मी म्हणालो. शेठनी चहा मागवला.

खरी प्रतिभा दिसते ती दिवस मोजताना. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगाराला नोटीस आणि भरपाईशिवाय घरी पाठवता येत नाही. म्हणून शेठ सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. आठवडाभर गावी जाऊन ये, नवं टोकन घे. मग त्याच मशीनवर त्याच माणसाला विचारायचं, ‘अनुभव आहे का?’ अकरा वर्षांत सोळा वेळा नव्याने लागलेला एक ट्रेनी मी तिथे पाहिला. दाढी पांढरी झालीय. महाराष्ट्राचा 1971 चा कायदा याला अनुचित कामगार प्रथा म्हणतो, हे ट्रेनीच्या गावीही नाही. शेठना मात्र तोंडपाठ.

सर्वोच्च न्यायालयावर त्यांचा राग आहे. 1985 साली न्यायालयाने पगारी रविवार आणि सुट्ट्याही या 240 दिवसांत धरायला सांगितल्या. ‘झोपून काढलेले दिवससुद्धा?’ चाळीस वर्षं झाली, शेठचा संताप ताजा आहे.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राने 29 कायदे गुंडाळून चार संहिता लागू केल्या. मुदतीच्या करारावरच्या माणसालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी! शेठना रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उत्तर सापडलं: अकरा महिने. घर भाड्याने देताना चालतं, तर माणूस घेताना का नाही?

‘आणि एखादा कोर्टात गेला तर?’

‘जाऊ दे की. 240 दिवस भरले, हे आधी त्याने सिद्ध करायचं.’

‘मस्टर कुणाकडे असतं?’

दुसरा चहा आला.