टी मायनस आलाय, मॅडम!

आमच्या कॉलेजच्या कोपऱ्यावर स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या काकांना नर्सिंगचा अभ्यासक्रम माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. धमन्यांना लाल कागद लागतो, शिरांना निळा, नसांना पिवळा आणि लसीकावाहिन्यांना हिरवा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. इतक्या वर्षांच्या खपावरून त्यांनीच ते काढलं आहे. जानेवारी संपत आला की ते मला हटकतात, "मॅडम, यंदा किडनी की हृदय? त्या हिशोबानं माल भरतो." 2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली, तेव्हा काका आठवडाभर सुतकात होते. मी मात्र मनातल्या मनात सरकारला दुवा दिला. थर्माकोलच्या हृदयाशी माझं जुनं वैर आहे.

1999 साली मी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला होते. आरोग्य प्रदर्शनात इतर गटांची हृदयं नुसती टांगलेली असायची. आमच्या गटानं ठरवलं की आपलं थर्माकोलचं हृदय धडधडलं पाहिजे. माशांच्या टाकीचा पंप आणला, वॉर्डातून चार आयव्ही सेट 'मिळवले' (याहून नेमका शब्द आजही मी वापरणार नाही) आणि बादलीभर पाण्यात कुंकू कालवलं. रात्री दोनपर्यंत हॉस्टेलच्या खोलीत रक्ताभिसरण सुरळीत चालू होतं. वॉर्डनबाई आवाज ऐकून आल्या, बादलीकडे बघितलं आणि काही न विचारता दार लोटून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल मॅडम आल्या. ज्यांनी नर्सिंग केलेलं नाही त्यांना एक्स्टर्नल कशी समजावून सांगावी? मुलगी बघायला आलेली आत्या आणि आरटीओचा इन्स्पेक्टर यांची बेरीज करा, वर कडक स्टार्चची पांढरीशुभ्र साडी नेसवा. मॅडम हृदय बघायला वाकल्या आणि नेमकी त्याच क्षणी डाव्या जवनिकेची शिवण उसवली. कुंकवाची धार थेट त्यांच्या निऱ्यांवर. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं, पण टाचण्या सगळ्या हृदयातच होत्या. मॅडमनी साडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, हे काय होतंय?"

तोंडातून जे निघालं ते निघालं. "मॅडम, मायट्रल रिगर्जिटेशन."

"रिगर्जिटेशनमध्ये रक्त मागे जातं," मॅडम म्हणाल्या, "परीक्षकाच्या साडीवर येत नाही."

20 पैकी 11 मिळाले. शेरा होता : 'ॲनॅटॉमी बरी. हिमोस्टॅसिस नाही.'

आता ती परीक्षकाची खुर्ची माझ्याकडे आली आहे. मूल्यमापनाच्या दिवशी मी मुद्दाम मरून साडी नेसते.

मॉडेलं अजून होतात, पण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा खरा मानाचा गणपती म्हणजे रिसर्च प्रोजेक्ट. पाच-सहा जणांचा गट आणि काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरात शीर्षक : 'अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम ऑन नॉलेज रिगार्डिंग' अमुक 'अमंग' तमुक 'इन अ सिलेक्टेड व्हिलेज'. अमुक आणि तमुक सोडले तर बाकीचं शीर्षक बाइंडिंगवाल्याकडे तयारच असतं. 'सिलेक्टेड' शब्दानं कुणाचा गैरसमज नको. जिथे सकाळी नऊची एसटी जाते आणि संध्याकाळी पाचच्या आत परत आणते, ते गाव सिलेक्ट होतं.

पद्धतही ठरलेली. आधी प्रश्नावली द्यायची, ती प्री-टेस्ट. मग फ्लिपचार्ट लावून पाऊण तास शिकवायचं. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा, ती पोस्ट-टेस्ट. दोन्हींतल्या फरकाला पेअर्ड टी-टेस्ट लावायची आणि पी 0.05 पेक्षा कमी आला की गटानं एकमेकांना पेढे भरवायचे. आजवर मी असे सत्तरेक प्रकल्प तपासले. त्या सत्तरांत शिकवणी वाया गेल्याचं एकही उदाहरण नव्हतं. चार वर्षं घसा फोडून मला जे जमत नाही, ते या मुली पाऊण तासात एका फ्लिपचार्टवर करून येतात. कधी कधी वाटतं, यांनाच वर्गावर पाठवावं आणि मी एसटीनं गावात जाऊन बसावं.

प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा. विषय मूळव्याध असो की स्तनपान, दिवा हलत नाही. एकदा मी विचारलं, "अगं, या बाईनं दिव्याशिवाय आणखी काय केलं?" मुलगी म्हणाली, "मॅडम, सेवा." सेवा केलीच, पण क्रिमियाच्या युद्धातून परत आल्यावर बाईनं 1858 साली एक रंगीत तक्ता काढला होता. वर्तुळात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. रोगानं मेलेले सैनिक निळ्यात, जखमांनी मेलेले लाल रंगात, इतर कारणांनी मेलेले काळ्यात. लालपेक्षा निळा कितीतरी मोठा. म्हणजे शत्रूच्या गोळीपेक्षा बराकीतल्या घाणीनंच जास्त माणसं मारली, हे मंत्र्या-सेनापतींना एका नजरेत दिसलं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं. त्या सोसायटीतली ती पहिली बाई. एव्ही एड्सला, म्हणजे तक्ते-चित्रांना, मी तिला 5 पैकी 5 दिले असते. पण आमच्या स्लाइडवर दिवा येतो, तक्ता येत नाही. दिवा डाउनलोड होतो, तक्ता समजून घ्यावा लागतो.

गुणांचा कागद असा : मांडणी 5, एव्ही एड्स 5, प्रश्नोत्तरं 5, टीमवर्क 5, आवाज-हावभाव 3, गणवेश-नीटनेटकेपणा 2. एकूण 25. यातलं टीमवर्क म्हणजे मला पडलेलं कोडं. सहा जणांच्या गटात एक मुलगी काम करते, दुसरी तिला जागं ठेवते, तिसरीच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान असतं. चौथीचे आजोबा सबमिशनच्या आठवड्यात वारतात. (एकीचे तीन वर्षांत चार वारले. मी दरवेळी सांत्वन केलं.) पाचवी प्रेझेंटेशनच्या दिवशी सुंदर इंग्रजी बोलते आणि सहावा मुलगा असतो, तो प्रोजेक्टर लावतो. या सगळ्यांना मिळून 5 पैकी किती?

मागच्या वर्षी अशाच एका गटाचा विषय होता, अतिसार झालेल्या मुलांची घरी काळजी आणि ओआरएस. पाच वर्षांखालच्या मुलांच्या चाळीस आया. गट मेहनती होता, त्यांच्या प्रस्तावनेत चक्क वाचण्यासारखा मजकूर होता. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवला, ते पाणी पिंपात भरून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. समासात मी लिहिलं, 'छान. प्री-टेस्ट न घेता!'

शिकवण्याच्या दिवशी मीही सोबत गेले. समाजमंदिरात सतरंजी, पुढे आया, मांडीवर पोरं, मागे सासवा. गटातला मुलगा आत येताच "डॉक्टर आले" म्हणून सगळ्या सावरून बसल्या. चार वर्षं तोही बिचारा मुलींच्याच बरोबरीनं बेड लावतोय, कोपऱ्यांच्या घड्या घालतोय, पण गावात पुरुष म्हटला की डॉक्टर. मुलीनं मापाचा जग वर धरला आणि सांगितलं, "एक लिटर पाण्यात एक पाकीट, पूर्ण."

मागून एक आजी म्हणाल्या, "पोरी, तो जग कुठं मिळतो?"

"आजी, तुमच्याकडच्या तांब्यानं मोजा."

"कुठल्या? सुनेच्या माहेरच्या की माझ्या?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी आजींनीच निकाल लावला. दोनशे मिलीचा चहाचा पेला सगळ्यांकडे असतो, म्हणून पाच पेले. मला मनापासून वाटलं, आपल्या फ्लिपचार्टवर हे हवं होतं. अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून पाजणारे घरोघरी भेटतात, आणि मीठ जास्त झालं तर तान्ह्या पोराला ते झेपत नाही.

आठ-दहा दिवसांनी दुपारी गट माझ्या केबिनबाहेर उभा. सगळ्यांचे डोळे लाल, मुलाचेही.

"मॅडम, टी मायनस आलाय."

पहिल्यांदा मला वाटलं, वजाबाकी उलटी केली असेल. तसं नव्हतं. प्री-टेस्टची सरासरी 20 पैकी 16.2 आणि पोस्ट-टेस्टची 12.9. आमच्या शिकवण्यानं चाळीस आयांचं ज्ञान सव्वातीन गुणांनी घटलं होतं. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मागच्या बॅचच्या ताई म्हणाल्या, दोन्ही कॉलम अदलाबदल केले की..." मी चष्म्यावरून बघितलं. वाक्य तिथेच थांबलं. पण माझ्या डोक्यात ते पुढे चालू राहिलं, कारण सत्तर प्रकल्प आणि एकही शिकवणी वाया नाही, याचा अर्थ मला त्या दिवशी जरा उशिरानं लागत होता.

सगळे फॉर्म टेबलावर पसरायला सांगितलं. सतरावा प्रश्न होता, जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या. बरोबर उत्तर 14. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्या वर्गाला हे येत नाही. प्री-टेस्टमध्ये गावातल्या 38 बायकांना आलं होतं.

"प्री-टेस्टच्या वेळी समाजमंदिरात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही, मॅडम. आशाताई होत्या. त्यांनीच बायका गोळा केल्या. कडेला शेंगा सोलत बसल्या होत्या."

"बोलल्या काही?"

"अजिबात नाही," मुलगा म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. "पण मॅडम, मधूनमधून बोटं दाखवत होत्या. कधी एक, कधी तीन. मला वाटलं, कुणाच्या पोरांची मोजदाद चाललीय."

पर्याय चार होते. बोटं पुरेशी होती.

"आणि पोस्ट-टेस्टला?"

"त्या नव्हत्या, मॅडम. आरोग्य केंद्रात मीटिंग होती त्यांची."

मी चहा मागवला. सात कप. मुली रडायच्या थांबल्या नव्हत्या, पण हसू लागल्या होत्या, आणि दोन्ही एकदम चालू असताना पाणी कमी होतं म्हणून चहा. मग सांगितलं, आकडे आहेत तसे मांडायचे, बोटांसकट.

प्रेझेंटेशनला बाहेरच्या परीक्षक मॅडम होत्या. आधीचे तीन गट 'इफेक्टिव्ह' ठरले होते, मॅडमचे डोळे पोह्यांनंतर जड झाले होते. या गटाचा तक्ता पडद्यावर आला. प्री-टेस्टचा खांब उंच, पोस्ट-टेस्टचा बुटका. मॅडमनी चष्मा पुसला.

"तक्ता उलटा लागलाय."

"नाही, मॅडम. ज्ञान उलटं लागलंय," मुलगी म्हणाली, आणि सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "मग निष्कर्ष काय काढला?"

"गावाला सगळं माहीत आहे, मॅडम. फक्त ते सगळं एकाच बाईकडे आहे, आणि त्या दिवशी तिची मीटिंग होती."

"शिफारस?"

"पुढच्या अभ्यासात आशाताईंना सॅम्पलमध्ये नाही, संशोधकांत घ्यावं."

बाहेरच्या मॅडमनी माझ्या कानात विचारलं, "हे पास करायचं असतं का?" मी म्हटलं, आपण दोघींनी मिळून इतकी वर्षं जे पास केलं, त्याच्या मानानं हे बरंच आहे. त्यांनी उरलेले पोहे बाजूला सारले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं विचारले. आधीच्या तिन्ही गटांना मिळून त्यांचा एवढा वेळ गेला नव्हता.

मांडणी 5, एव्ही एड्स 4 (जग), प्रश्नोत्तरं 5, आवाज 3, गणवेश 2. राहिलं टीमवर्क. तिथे मी प्रोजेक्टचं आभाराचं पान उघडलं. परमेश्वर होता, आईवडील होते, प्राचार्य होते, मी होते, 'अवर बिलव्हेड फ्रेंड्स' होते, झेरॉक्सवाले मामा होते, एसटीचे कंडक्टरही होते. आशाताईंचं नाव नव्हतं. मी 5 पैकी 2 दिले.