नव्या डब्यातला वारा

वर्ध्यात मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि आमच्या चिरंजीवांनी गेमिंगचा कॉम्प्युटर नव्या जाळीदार डब्यात हलवला. पुढचे तीन पंखे हवा ओढणार, मागचा एक फेकणार. उत्तम! फक्त पंख्याला खोलीपेक्षा गार हवा सापडत नाही, एवढीच अडचण. मग घरातला एकुलता एक कूलर त्या डब्याच्या सेवेत गेला. आम्ही म्हातारे ओला पंचा डोक्यावर घेऊन ओसरीत. (दमट हवेने पत्रा गंजेल, हे सांगायचं मुद्दाम राहून गेलं.) आठ किलोमीटरवर सेवाग्रामला गांधीजींनी १९३६नंतरचे काही उन्हाळे माती-बांबूच्या कुटीत काढले; तिथं रंगीत दिवे नव्हते, हे चिरंजीवांचं मत. असो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होईल, तेव्हा ती जाळी दर आठवड्याला झाडावी लागेल. आमच्याकडे कापूस पिकतो.